चार हजाराच्या वर

गाडी माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण यवतमाळात अजूनही लोक विचारतात, "काय साहेब, गाडी काय म्हणते?" आणि विचारतात कोणाला, तर आमच्या ह्यांना. अहो, ह्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. हे मधुसूदनराव कोर्टातून रिटायर झाले. स्कूटर चालवतात, तीही अशी की मागून सायकलवाली पोरं घंटी वाजवून पुढे निघून जातात. गाडी मी चालवते. ऑइल मी बदलते. शिव्याही मीच घालते.

माझे बाबा दारव्ह्याला वकील होते. तिथल्या कापसाच्या कंपनीतला गोरा साहेब मायदेशी जायला निघाला, तेव्हा बाबांनी त्याची ही विलायती मोटर घेतली. हिरवी, बुटकी, कापडी छपराची. सीटा दोनच. चाकांना सायकलसारख्या तारा. पेट्रोलची टाकी मागे, शाळेच्या दप्तरासारखी पाठीवर अडकवलेली. समोर दोन गोल घड्याळं, एकात वेग दिसतो आणि दुसऱ्यात इंजिनाचे फेरे. पेट्रोल किती उरलं ते सांगणारा काटा मात्र नाही. बनवणाऱ्यानं दिलाच नाही. मग बाबा काय करत, तर पऱ्हाटी बुडवून बघत. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती काडी. सरळ बघून एक काढायची, साल सोलायची, चाकूनं खुणा करायच्या आणि टाकीत सोडायची. जिथवर ओली झाली तिथवर पेट्रोल. आमच्या घरात गाडी काढायच्या आधी पऱ्हाटी बुडवल्याशिवाय कोणी पाय उचलत नाही. देवाला दिवा लावावा तसं ते आहे.

बाबांनी मला याच गाडीवर चालवायला शिकवलं. शेजारी बसून एकच सांगायचे, "अजून दाब." मी म्हणायची, बाबा, काटा चार हजारावर गेला. ते म्हणायचे, "तिथूनच तर ती सुरू होते, अजून दाब." आणि खरंच, चार हजार फेऱ्यांच्या खाली ही एक बरी गाडी आहे. वर गेली की गाते. हसू नका, गाते.

तर ते गाणं बंद पडलं. दोन हजार सहा साली, माघातल्या लग्नसराईनंतर.

झालं असं की आरामात चालवली तर काही तक्रार नाही. बाजारात जा, देवळात जा, शहाण्यासारखी चालायची. मोकळ्या रस्त्याला लागून दाबली, काटा चारच्या वर चढला, की पाच-सात मिनिटं बरी जायची आणि मग ठसकायला लागायची. फट्, फट्, फटाक्. घशात शेव अडकल्यावर माणूस जसा करतो तसा. पाय काढला की जरा सावरायची, दाबला की पुन्हा तेच. आणि मी जर जिद्दीनं दाबून धरली, आणि मी धरायचीच, तर चक्क बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी.

मी राजदीपकडे नेली. राजदीपचं गॅरेज एका बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, शेडमध्ये आहे. त्या वर्षांत जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या, कापसाला भाव नव्हता, आणि राजदीपच्या वडिलांची नोकरी ज्या शेडमध्ये गेली त्याच शेडमध्ये पोरानं पाना-पक्कड मांडली. अजून तिथे वरच्या तुळयांवर रुईचे पुंजके लोंबतात. पोरगा हुशार आहे, शिकलेला आहे, आणि मुख्य म्हणजे माझं ओरडणं मनावर घेत नाही. घरात मी मला-तुला बोलते, पण राजदीपच्या गॅरेजात पाय टाकला की माझं मले-तुले सुरू होते.

"काहून रे, काय झालं हिले?"

"काकू, मिसिंग मारून राह्यली," राजदीप म्हणाला. "वरच्या फेऱ्यात मिसिंग म्हणजे पहिले प्लग पाहू."

प्लग काढले. बदलले. मग चाचणीला निघालो. आमचे हे हातात पऱ्हाटी घेऊन हजर. टाकीचं झाकण उघडलं, काडी बुडवली, चष्मा वर करून खूण वाचली, झाकण लावलं, "आहे पेट्रोल, जा" म्हणाले. आम्ही बाभुळगाव रोडला पाच मिनिटं दामटली. काटा साडेचार हजारावर! एक ठसका नाही. राजदीपनं टाळी दिली. मी त्याला पेढे दिले. दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले आणि पाच-सात मिनिटं दाबल्यावर फट्, फट्, फटाक्.

मग पॉइंट बदलले. पुन्हा पऱ्हाटी, पुन्हा चाचणी, पुन्हा गाडी गुणाची. पुन्हा पेढे. चार दिवसांनी पुन्हा फटाक्. मग कंडेन्सर. मग कॉइल. कॉइल गरम होऊन दगा देते असं राजदीपच्या डोक्यात बसलं, कारण गाडी रस्त्यावर बंद पडली की काय व्हायचं, मागून आमचे हे स्कूटरवर डुगडुगत यायचे. गाडीचा भरवसा नाही म्हणून माघानंतर ते माझ्या मागेच असायचे, पायाशी पेट्रोलचा डबा आणि हँडलला बांधलेली पऱ्हाटी. आले की स्कूटर तशीच धडधडत ठेवून आधी टाकी उघडायचे, काडी बुडवायचे, "पेट्रोल तर आहे बुवा" म्हणायचे आणि झाकण लावायचे. तेवढ्यात मी स्टार्टर मारला की गाडी सुरू! आणि पुढली पाच मिनिटं राणीसारखी धावायची. "पाहा," राजदीप म्हणायचा, "थंडी झाली का सुदरते. म्हणजे कॉइलच." कॉइल दोनदा बदलली.

"काकू, ही माह्यासमोर शहाणी राह्यते," शेवटी तो वैतागून म्हणाला. "पण प्लग पाहा तुम्ही. चुन्यासारखे पांढरे. म्हणजे पेट्रोल कमी पोचून राह्यलं हिले. मी पाइप साफ केला, पंप खोलला, कार्बोरेटर दोनदा धुतला. सारं बराबर. मंग अडते कुठं थे?"

मी म्हटलं, "ते तू शोध. मी फक्त भांडू शकते."

आणि हे? हे आपले गाडीच्या मागून डुगडुगत. शेजारी बसणं बंदच झालं होतं त्यांचं. दोन सीटची गाडी, एकात मी आणि दुसरी रिकामी, आणि मागे नवरा स्कूटरवर. लोक हसायचे. पानठेल्यावरचा रामलाल एकदा म्हणाला, "वहिनी, साहेबायले काहून पायदळ केलं?" मी त्याला म्हटलं, तुझा चुना सांभाळ. पण वाईट वाटायचं मला.

दिवाळीनंतर पुण्याहून चारुदत्त आला. चारुदत्त माझा धाकटा भाऊ. माणूस लाख चांगला, पण पुण्याला राहून राहून त्याला सगळ्या गोष्टी नीट कराव्याशा वाटतात. गाडी बाबांची, म्हणजे जितकी माझी तितकीच त्याची. इतकी वर्षं तो काही बोलला नव्हता. आता त्याच्या कंपनीचं नवीन ऑफिस होतं, दाराशी मोठी काच होती, आणि त्या काचेच्या आत त्याला बाबांची गाडी उभी करायची होती. पॉलिश करून. खाली गालिचा घालून.

"ताई, भावना बाजूला ठेव," तो म्हणाला. "ही आता धावत नाही. रस्त्यावर बंद पडते, तू उन्हात उभी राहतेस, भाऊजी मागून डबा घेऊन येतात. बाबांना हे बघवलं असतं का? तिथे निदान मानानं राहील."

"काचेत?" मी म्हटलं. "काचेत काय मासा आहे का ती?"

"चालते का ती? सांग ना. चालते?"

इथे माझं डोकं फिरलं. माझं फिरतं, जगाला माहीत आहे. मी ताडकन म्हटलं, "उद्या माझ्याशेजारी बस. यवतमाळहून बोरी अरबपर्यंत नेते तुला, चार हजाराच्या वर. एकदा जरी ठसकली ना, तर घेऊन जा तुझ्या काचेत!"

बोलून बसले. हे आतल्या खोलीत होते, ते दारात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी त्यांचं पेन्शन दान करून टाकलं. चारुदत्त म्हणाला, "बघ हं ताई. शब्द देतेयस." आम्ही वकिलाची पोरं. शब्द दिला की दिला. त्यानं माझ्यासमोरच फोन करून परवाचा ट्रक सांगितला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढं सांगते आणि पुढे जाते.

सकाळी निघालो. ह्यांनी टाकीत पऱ्हाटी बुडवली, झाकण लावलं, रुमालानं पुसलं. नेहमी "जा" म्हणायचे, त्या दिवशी नुसता टाकीवर हात ठेवला. राजदीप आला होता, त्यानं प्लग पुन्हा एकदा आवळून दिले. चारुदत्त शेजारी बसला, पुण्याची टोपी घालून.

गावाबाहेर पडेपर्यंत मी हळू नेली. मग दारव्हा रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, आणि मी पाय दिला. तीन हजार, साडेतीन, चार. ती गायला लागली! बाप्पा, काय आवाज होता! चारुदत्तनं टोपी हातात धरली आणि मला तो एकदम हाफ चड्डीतला दिसायला लागला, बाबांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवणारा. तो ओरडला, "ताई, पंचेचाळीसशे!" मी म्हटलं, बघ, बघ तू! मला वाटलं जिंकले. ह्यांची स्कूटर आरशातून केव्हाच नाहीशी झाली होती. एवढं लांब आणि एवढं जोरात मी त्यांना कधी मागे टाकलंच नव्हतं.

आणि बोरीच्या अलीकडे, फट्.

मी पाय काढला नाही. फट्, फट्. मी तिला शिव्या घातल्या, मग लाडानं बोलले, मग पुन्हा शिव्या. फटाक्, फटाक्, आणि बंद. नुसती चाकं फिरत राहिली आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

ज्या ठिकाणी थांबली तिथे कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. खरेदी केंद्र पुढे अर्ध्या कोसावर, आणि रांग तिथून रस्त्यापर्यंत आलेली. कोणी कालपासून होतं, कोणी परवापासून. त्या वर्षी त्या रस्त्यावर नुसत्या लाल दिव्याच्या गाड्या आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या धावायच्या, प्रश्न विचारून जायच्या. हसणारं तोंड रांगेत सापडत नव्हतं. बैल सोडलेले, माणसं गाडीखाली सावलीला बसलेली. चारुदत्तला आनंद झाला असता तर मी त्याला खाल्लं असतं, पण त्यालाही वाईटच वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "पेट्रोल तरी आहे का बघ, ताई."

आता पऱ्हाटी होती स्कूटरच्या हँडलला, आणि स्कूटर होती कुठे तरी मागे. शेजारच्या गाडीखालून एक म्हातारा गडी उठून आला. धावजी नाव त्याचं, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. मला म्हणाला, "याडी, गाडी बसली का?" त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. एवढ्या पांढऱ्या मिशांच्या माणसानं मला आई म्हटल्यावर मला रडूच येणार होतं, म्हणून मी खेकसले, "मले एक पऱ्हाटी पाह्यजे. सरळ." त्यानं बांधावरून एक मोडली, दातानं साल सोलली आणि दिली.

मी झाकणाला हात घातला. फिरवायला गेले तर हलेना, आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. जोर लावून फिरवलं.

फुस्स्स्स्!

सगळ्यांनी ऐकलं. बैलानं कान हलवला. धावजी दोन पावलं मागे सरकला. "याडी, याच्यात साप हाय का?"

मी तशीच उभी. हातात झाकण. डोक्यात काही तरी हललं. टाकीतून हवा बाहेर आली नव्हती, आत गेली होती. माझ्या बोटांना ती ओढ लागली होती. टाकी तहानल्यासारखी हवा ओढून घेत होती!

आता तुम्ही सांगा, पंधरा किलोचा तेलाचा डबा घरी आला की आपण काय करतो? खिळ्यानं एक छेद पाडतो आणि समोर दुसरा छेद पाडतो. एकच पाडला तर तेल गुडगुड करतं, थांबतं, ठसकतं. दुसरा छेद हवेचा. हवा आत गेली तरच तेल बाहेर येतं. जन्मभर मी ते करत आले. माझ्या गाडीनं हळू चालताना घोट घोट प्यायलं तेव्हा कुठून तरी चोरून हवा शिरत होती आणि भागत होतं. चार हजाराच्या वर ती घटाघटा प्यायला लागली की टाकीत हवा पुरेना, पेट्रोल येईना, आणि तिला ठसका लागे. मग हे येऊन टाकी उघडायचे! पऱ्हाटीसाठी! हवा भरायची, झाकण लागायचं, आणि पुढली पाच मिनिटं गाडी ठणठणीत! चाचणीच्या आधी हेच, बंद पडल्यावर हेच. प्लगाला पेढे, पॉइंटाला पेढे, कॉइलीला दोनदा पेढे, आणि खरं औषध आमच्या ह्यांच्या काडीत! आणि त्यांची स्कूटर बाजूला धडधडत असायची, मग ती फुस्स कोणाच्या कानी पडणार?

"चारू!" मी ओरडले. "झाकणाला छेद असतो! हवेचा छेद असतो रे!"

झाकण उलटं केलं, सुलटं केलं. छेद होता. मधोमध, बारीक. आणि त्याच्यात काही तरी पिवळट, घट्ट बसलेलं. मी डोक्यातली पिन काढली आणि कोरायला लागले. आधी मेण निघालं. चक्क मेणबत्तीचं मेण. त्याच्याखाली दाबून दाबून भरलेला कापसाचा बोळा, पेट्रोलनं फुगून बूच झालेला. मी तो पिनेवर धरून वर काढला. धावजीनं बघितलं, रांगेतल्या आणखी दोघांनी येऊन बघितलं.

"कापूस?" धावजी म्हणाला. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. "वा रे याडी! आमचा कापूस कोणी घेऊन नाही राह्यलं, तुमची गाडी तरी घेऊन राह्यली!"

आणि तो जो हसला! तो हसला म्हणून मागचा हसला, मागचा हसला म्हणून त्याच्या मागचा. कोणाला काय झालं ते माहीतही नव्हतं, पण हसू रांगेतून मागे मागे गेलं. मी हसता हसता बोळा नाकाजवळ नेला, कारण पेट्रोलच्या वासातून दुसराच एक वास येत होता.

हिना अत्तर.

माझं हसू थांबलं. चारुदत्तच्या नाकासमोर धरला. त्यानं हुंगला आणि परत एकदा हुंगला.

माघात लग्न कोणाचं होतं? चारुदत्तच्या मुलाचं, श्रेयसचं. मुलगी इकडचीच, लग्न दारव्ह्याला, आणि आम्ही याच गाडीतून गेलो होतो, दोघं, शेजारी शेजारी. मांडवाच्या दारात चारुदत्त स्वतः उभा राहून पाहुण्यांच्या हातावर अत्तराचे फाये, अत्तरात भिजवलेले कापसाचे बोळे, ठेवत होता. येताना संध्याकाळी टाकीचा वास पुढे येत होता, मला मळमळलं, दोनदा गाडी थांबवून मी रस्त्यावर उलटी केली. आणि माझ्या तोंडाला काही लगाम आहे का? मी म्हटलं होतं, हा वास असा येणार असेल तर मला नको ही गाडी, विकून टाका.

तेवढ्यात डुगडुग ऐकू आलं. हे आले. पायाशी डबा, हँडलला पऱ्हाटी, घामाघूम. स्कूटर उभी केली आणि नेहमीसारखे टाकीकडे निघाले. मी वाटेत उभी राहिले आणि पिन त्यांच्या चष्म्यासमोर धरली.

"अहो, हे काय आहे?"

त्यांनी बघितलं. मग जमिनीकडे बघितलं. मग गाड्यांच्या रांगेकडे. वीसेक माणसं आणि बैल त्यांच्याकडे बघत होते.

"फाया," ते म्हणाले. "तुला वास येऊन राहिला होता ना. त्या बारक्या छिद्रातून येत होता. म्हणून मी... पडू नये म्हणून वरून मेण लावलं."

"आणि सांगितलं काहून नाही?"

"तू म्हटलं होतं विकून टाका. मला वाटलं, वास गेला की राहील."

आता सांगा, या माणसाचं काय करायचं? मला वास येऊ नये म्हणून, माझ्याकडून गाडी सुटू नये म्हणून, ह्यांनी अत्तराचा फाया निवडून, मेण लावून, गाडीचा श्वास बंद केला. आणि त्यापायी स्वतःची सीट घालवून नऊ महिने डबा घेऊन माझ्या मागे डुगडुगत राहिले. मला एवढं भरून आलं की मी ओरडलेच. "भैताड आहात तुम्ही! नुसते वेडे भैताड!" आणि त्या वीस माणसांदेखत त्यांच्या शर्टाला धरून रडले. हसत हसत रडले. हे माझ्या पाठीवर थापटत म्हणत राहिले, "अगं, लोक बघून राहिले, लोक बघून राहिले."

चारुदत्तच्या फोनवरून मी राजदीपला लावला. सगळं ऐकून तो पलीकडून किंचाळला, "प्लग पांढरा सांगून राह्यला होता ना, काकू! पेट्रोल पोचत नाही म्हणे! मी टाकीपावतर आलतो, झाकणापावतरच नाही आलो!" आणि मग म्हणाला, "पेढे वापस करू का?" मी म्हटलं, आणखी देते, फोन ठेव.

पण शब्द शब्दच होता. गाडी ठसकली होती. ट्रक उद्याचा सांगितलेला. मी डोळे पुसले आणि चारुदत्तकडे वळले. म्हटलं, "हरले मी. ठसकली."

चारुदत्त झाकणाच्या छेदातून आभाळ बघत होता. एक डोळा मिटून, लहानपणी बघायचा तसा.

"ताई, तो फाया मी दिला होता," तो म्हणाला. "माझ्या हातानं, भाऊजींच्या हातावर. म्हणजे गाडीतला बिघाड पुण्याहून आला. बाबा असते तर म्हणाले असते, दावा फेटाळण्यात यावा."

"म्हणजे?"

"म्हणजे परतीची फेरी मोजायची. इथून यवतमाळ, चार हजाराच्या वर. ठसकली नाही तर ट्रकवाल्याला मी नको सांगतो, आणि पुन्हा कधी गाडीचं नाव काढत नाही." मग त्यानं ह्यांच्या हातातून स्कूटरची किल्ली घेतली. "फक्त मी नाही बसत. भाऊजी, तुम्ही बसा."

"पण बघणार कोण?" मी म्हटलं. "तू मागे राहशील. ठसकली की नाही, तुला कळेल कसं?"

"भाऊजी सांगतील. त्यांना खोटं बोलता येतं का? बघितलंस ना आत्ता."

हे तयार होईनात. स्कूटरचा क्लच घट्ट आहे, तू दमशील, टोपी उडेल, सतराशे कारणं. शेवटी धावजीनं त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. पऱ्हाटी ह्यांनी सोडली नाही, मांडीवर आडवी धरून बसले. मी झाकण लावलं, मोकळ्या छेदावरून एकदा अंगठा फिरवला आणि स्टार्टर मारला. रांगेतल्या कोणी तरी शंकरपटाच्या शर्यतीत बैल सोडताना देतात तशी आरोळी दिली आणि आम्ही सुटलो.

तीन हजार. हे डोळे मिटून बसले होते. साडेतीन. चार. तिनं गळा मोकळा केला. मी मनात मोजायला लागले, कारण भीती तिथेच होती, पाच-सात मिनिटांनी. कपाशीची शेतं मागे गेली. एक नाला गेला, लिंबाची झाडं गेली. शकुंतला नावाची आमची छोटी रेल्वे रुळावरून आपली रमतगमत चालली होती, तिलाही मागे टाकलं आणि खिडकीतल्या लोकांनी हात केले. सकाळी दाबल्यापासून जितक्या मिनिटांनी तिचा जीव गेला होता ती वेळ आली. मी दात आवळले. पाय तसाच. वेळ गेली. आणखी तेवढीच गेली. साडेचार हजार, आणि फट् नाही, काही नाही, नुसतं गाणं! लांबवर यवतमाळची पाण्याची टाकी दिसायला लागली.

ह्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. आणि मग वाऱ्यातून मोठ्यानं विचारलं, "वास येऊन राहिला का गं?"

येत होता. नाकात, घशात, माघातल्यासारखाच, पेट्रोलचा भपकारा.

"येऊन राहिला!" मी ओरडले.

त्यांचं तोंड उतरलं. "मग थांबायचं?"

"थांबायचं कायले?"

मग त्यांनी मांडीवरची पऱ्हाटी सीटमागे टाकून दिली, दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली, आणि ज्या माणसाला सायकलवाली पोरं मागे टाकतात तो माणूस मला म्हणाला,

"मग अजून दाब."

मी दाबली.